जाळीची घडीची पेटी: अळीला झकास, पतंगाला अपुरी

कण्हेरीच्या शेंड्यावर हॉक मॉथ या मोठ्या पतंगाची (डॅफ्निस नेरी) अळी दिसली आणि लगेच ही ३० सेंमीची जाळीची पेटी मागवली. उघडताच टुणकन उभी राहते. हवा खेळती, त्यामुळे ओली विष्ठा साचून बुरशी धरत नाही. आणि विष्ठा म्हणजे काय, मिऱ्याएवढ्या गोळ्या! शेवटच्या दिवसांत रोज दोनदा झाडावी लागली.

अळी हिरवीगार, बोटाएवढी. डोक्यामागे निळे, पांढऱ्या मध्याचे दोन डोळे. खरे नव्हेत, पण धक्का लागला की मान आत ओढून ते असे फुगवते, की माझाही हात मागे गेला. कण्हेरीचा विषारी चीक तिला पचतो. आपण मात्र फांदी बदलल्यावर हात धुवायचे.

एके सकाळी ती तपकिरी होऊन तळाशी सैरावैरा फिरू लागली. कोष करायला तिला पालापाचोळा हवा असतो, आणि पेटीचा तळ सपाट, गुळगुळीत. वाळकी पानं मीच घातली. चेनही कोपऱ्यात अडकते, मेणबत्ती घासल्यावर जरा सुधारली.

कोष झाल्यावर तेराव्या रात्री पतंग बाहेर आला. ओले पंख घेऊन जाळीवर चढला, लटकून ते पसरले. इथे जाळीला पैकीच्या पैकी. हिरव्या-गुलाबी संगमरवरासारखी नक्षी! पण पंखांचा पसारा १० सेंमीच्या आसपास, आणि आफ्रिका-आशियातून उन्हाळ्यात युरोपापर्यंत उडणारी ही जात. उडण्याआधी पतंग थरथरायला लागताच चेन उघडली.

तीन तारे. मोठ्या मापाची घ्या.