म्यानमार टूर, ८ दिवस: अडीच स्टार, आणि तेही गाईडमुळे

डिसेंबर २०२४ ला गेलो होतो, मंडालेच्या भूकंपाच्या तीन-चार महिने आधी. कंपनीचं नाव टाकत नाही. जाहिरातीत मोठ्या अक्षरात 'लोकमान्यांच्या मंडालेला चला' असं होतं आणि मी पडलो रत्नागिरीचा, थिबा पॅलेसपासून दहा मिनिटांवर वाढलेला, त्यामुळे भुललोच. इंग्रजांनी ब्रह्मदेशचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, राजा थिबा १८८६ ला आमच्या गावात आणून ठेवला आणि आमच्या गावात जन्मलेला माणूस १९०८ ला तिकडे नेऊन डांबला, हे लहानपणापासून ऐकलेलं.

आधी चांगलं सांगतो. जेवण पाचपैकी पाच. महाराज सोबत होते, वरणभात रोज, एक दिवस पिठलं सुद्धा. हॉटेल चकाचक, लाईट गेली तरी जनरेटर लगेच. बाहेर अख्खी गल्ली अंधारात आणि आमचा एसी चालू, हे मात्र दुसऱ्या दिवसापासून खटकायला लागलं.

आता तक्रार. बुकिंग करताना मी दोनच प्रश्न विचारले होते, सेफ आहे का आणि ही हॉटेलं कोणाच्या मालकीची. पहिल्याचं उत्तर लगेच आलं, "एकदम सेफ सर, टूरिस्टला कोणी हात लावत नाही." दुसऱ्याला "सर तसं काही नसतं तिकडे." असतं हो! १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता बळकावली आणि बियर, बँक, मोबाईल कंपनी, कशाकशात लष्कराचा पैसा आहे. तुम्ही वर्षाला चार बॅचेस नेता, तुम्हाला एवढं माहीत नको? आणि माहीत असून सांगत नसाल तर मग बोलणंच खुंटलं.

वर व्हॉट्सअॅप ग्रुपवर नियम, तिथे कोणीही राजकारणावर बोलू नये. अहो, केसरीतल्या लेखांसाठी राजद्रोहाची सहा वर्षं भोगलेल्या माणसाच्या नावाने तिकिटं विकताय ना तुम्ही? मंडालेच्या किल्ल्यात आजही लष्कर बसलंय, आम्हाला बहुतेक खंदकाच्या बाहेरूनच दाखवलं, पंधरा मिनिटं, फोटो, चला बसमध्ये. तो खंदक आणि राजवाडा नव्वदच्या दशकात टूरिस्टसाठी साफसूफ केला तेव्हा लोकांना जबरदस्तीने राबवलं होतं, त्यावर टूर मॅनेजर एक शब्द बोलला नाही. १९९६ हे 'व्हिजिट म्यानमार' वर्ष म्हणून सरकारने गाजवलं तेव्हा तिथल्या लोकशाहीवादी नेत्या आंग सान सू ची यांनीच सांगितलं होतं की आत्ता येऊ नका. पुढे त्यांच्या पक्षाने भूमिका मऊ केली, एकेकटे या, लोकांना भेटा, पण मोठी पॅकेज टूर नको. म्हणजे आम्ही चाळीस जण बस भरून जे केलं नेमकं तेच.

कोणी म्हणेल मग गेलास कशाला. बरोबर आहे. पण बागानला एका घरात लॅकरचं, म्हणजे चकचकीत रोगणाचं, काम चालतं तिथे गाईड घेऊन गेला, तिथल्या बाईंनी घोड्याच्या केसांवर विणलेला वाडगा दोन बोटांनी दाबून दाखवला, दोन्ही कडा एकमेकींना टेकल्या आणि सोडल्यावर परत गोल. मी दोन घेतले, पैसे थेट त्यांच्या हातात, घासाघीस केली नाही. आठ दिवसांत माझा पैसा कुठे गेला हे खात्रीने सांगता येईल असा तेवढाच एक व्यवहार. बाकी पॅकेजचं काही सांगता येत नाही.

अडीच स्टार आहेत ते त्या गाईडचे. त्याचा मुलगा १९ वर्षांचा, संध्याकाळनंतर घराबाहेर सोडत नाहीत म्हणाला, कारण २०२४ पासून सक्तीची भरती सुरू झालीये आणि १८ ते ३५ ची पोरं उचलतात. हे सगळं बसमधून उतरल्यावर, हळू आवाजात. मी रत्नागिरीचा म्हटल्यावर थांबलाच एकदम. थिबा राजाची समाधी नीट आहे ना, कोणी जातं का तिथे, असं विचारायला लागला. मी आहे आहे म्हणून वेळ मारून नेली, खरं तर मी आत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

परत आल्यावर गेलो, चार फोटो काढले. म्यानमारहून निघताना तो गाईड म्हणाला होता मेसेज करू नका, फेसबुक बंद आहे आणि रस्त्यात फोन उघडून बघतात. फोटो अजून माझ्याकडेच आहेत.