बफलो नदीवर पाण्याची हमी विकणारा

जुलै-ऑगस्टमध्ये अर्कान्सातल्या बफलो नदीवर पोंका गावापासून कनू (वल्ह्याची लांबट होडी) सोडून देतो, पाण्याची हमी, परमिट-लायसन्स सगळं आमच्याकडे, असं सांगणारा कोणी फेसबुकवर भेटला तर त्याला एक डॉलरही पाठवू नका. आमचे साडेचौदाशे गेले. बेंटनव्हिल, टल्सा, डॅलस, सेंट लुइस भागातल्या मराठी मंडळींचे उन्हाळी बेत सध्या शिजत असतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही कॉलेजचे मित्र. नोकऱ्यांनी पांगलो, पण ओझार्कचे डोंगर सगळ्यांना गाडीच्या टप्प्यात. मी बेंटनव्हिलला, बाकीचे सेंट लुइस, कॅन्सस सिटी आणि डॅलसला. उन्हाळ्यात एखादी नदी धरायची, दिवसभर कनूतून वाहत जायचं, मासा गळाला लागला तर ठीक, रात्री नदीकाठच्या गोट्यांवर तंबू ठोकायचा. हे सगळं मिझूरीतल्या करंट नदीवर व्हायचं, कारण बेत आखणारा सेंट लुइसकर. या खेपेला चार जुलैला जोडून सुट्टी आली आणि बफलो ठरली. तिथल्या कड्यांचे फोटो ग्रुपवर महिनाभर फिरत होते.

आम्हाला नेमकं कुठे गाठलं हे कळायला या दोन नद्यांचा स्वभाव माहीत हवा. करंट झऱ्यांवर पोसलेली आहे. व्हॅन ब्युरनजवळच्या एकट्या बिग स्प्रिंगमधून दिवसाला सरासरी 28 कोटी गॅलनच्या आसपास पाणी बाहेर पडतं. भर ऑगस्टमध्येही करंटवर कनू तरंगते आणि पाण्यात पाय टाकला की शहारा येतो. बफलोचा वरचा टप्पा निव्वळ पावसावर चालतो. वसंतात चांगला पाऊस झाला की पोंका ते काइल्स लँडिंग हा दहा-अकरा मैलांचा पट्टा म्हणजे स्वर्ग. वाटेत बिग ब्लफचा पाचशे फुटांचा कडा, आणि कनू काठाला लावून थोडं आत चालत गेलं की हेम्ड-इन हॉलोचा 209 फुटी धबधबा. पाऊस ओसरला की त्याच पट्ट्यात कनू ओढत न्यावी लागते. वर धरण नाही, त्यामुळे पाणी सोडायलाही कोणी नाही. तसं धरण होणार होतं. लष्कराच्या अभियंता विभागाच्या योजना तयार होत्या. बेंटनव्हिलचेच डॉक्टर नील कॉम्प्टन आणि त्यांच्या मंडळींनी 1962 मध्ये ओझार्क सोसायटी काढून त्या हाणून पाडल्या, आणि 1972 मध्ये बफलो देशातली पहिली ‘नॅशनल रिव्हर’, म्हणजे राष्ट्रीय उद्यानासारखी जपलेली नदी झाली. मला या गोष्टीचा उगाच गावाभिमान आहे.

आमच्या डॅलसकराच्या डोक्यात मात्र नदीवरची सहल म्हणजे कोलाड. कुंडलिकेवर वरच्या वीज प्रकल्पातून सकाळी पाणी सोडतात, त्यामुळे तिथला माणूस ‘साडेनऊला राफ्ट निघणार’ म्हणाला की निघते. सेंट लुइसकराच्या डोक्यात करंट. दोघांच्याही हिशेबात पाणी गृहीत होतं.

मी पोंका भागातल्या एका परवानाधारक कनूवाल्यांना फोन केला होता. बाई म्हणाल्या, “जुलैत पोंकाहून? पाऊस झाला तर बघू. आदल्या दिवशी फोन करा, पाण्याची पातळी दाखवणारं गेज बघून सांगते. नाहीतर सरळ खाली बफलो पॉइंटकडे जा.” बुकिंग घ्यायलाही त्या फारशा उत्सुक नव्हत्या. ग्रुपवर हे सांगितल्यावर निष्कर्ष निघाला की बाईंना धंदा करायचा नाही.

दोन दिवसांनी डॅलसकराला फेसबुकच्या एका ग्रुपमध्ये हा गृहस्थ सापडला. मेसेंजरवर तो इतका अघळपघळ आणि आपुलकीने बोलायचा की विचारू नका. स्टील क्रीकला काय बघा, कुठल्या वळणावर झाडाची मुळं आडवी येतात, बॉक्सलीच्या कुरणात एल्क (मोठी हरणं) बघायला किती वाजता पोचा, काचेच्या बाटल्या नेऊ नका कारण नदीवर बंदी आहे, कूलरचं झाकण घट्ट बांधा. सगळं खरं. मी ते एकेक करून तपासलंही होतं. पाण्याचा प्रश्न आला तेव्हा म्हणाला, माझी खासगी उतरण्याची जागा आहे, झऱ्याच्या खाली, तिथे बारमाही पाणी असतं. हमी देतो, पाणी नसेल तर पैसे परत.

इथेच खरी मेख आहे. प्रामाणिक माणूस या नदीबद्दल ‘बघू’ म्हणतो, कारण तो गेज बघून बोलतो. ठाम बोलायला त्यालाच परवडतं ज्याला त्या दिवशी तिथे हजर राहायचंच नाही.

पॅकेजमध्ये तीन कनू, गाडी खालच्या टोकाला नेऊन ठेवायची सोय, एक रात्र केबिन, माणशी 15 डॉलरचं ‘रिव्हर परमिट’ आणि सगळ्यांचं मिळून एक फिशिंग लायसन्स, ‘ट्राउट परमिटसकट’. कॅन्सस सिटीचा मित्र मूळ मालवणचा. मासा हा विषय तो गांभीर्याने घेतो. त्याने लगेच विचारलं, “तिकडे ट्राउट खंयसून इलो?” प्रश्न अगदी बरोबर होता. वरच्या बफलोत लोक गळ टाकतात तो स्मॉलमाउथ बाससाठी. ट्राउटला गार पाणी लागतं, तो तिकडे व्हाइट नदीत, बुल शोल्स धरणाच्या खाली. पण तेव्हा ग्रुपवर कोळशाची शेगडी कोण आणणार यावर चर्चा रंगली होती आणि मालवणकराचा प्रश्न वर सरकून गेला.

पैसे झेलवर, म्हणजे बँकेतून थेट समोरच्याच्या खात्यात पाठवायच्या सोयीने. कार्ड चालेल का विचारलं तर म्हणाला, तीन टक्के जादा पडतील, तुमचेच वाचवतोय. झेलवर पाठवताना समोरच्या खात्याचं नाव दिसतं, ते फेसबुकवरच्या नावाशी जुळत नव्हतं. ‘बायकोचं खातं आहे.’ ॲडव्हान्सचे चारशे त्याने पेपालवर मागितले, आणि तेही ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ या पर्यायाने. त्या पर्यायात खरेदीचं संरक्षण मिळत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असणार. पैसे पोचताच कागद आले. परमिटवर नॅशनल पार्कच्या बाणाच्या टोकासारख्या चिन्हाची बऱ्यापैकी नक्कल, खाली शिक्का. लायसन्सवर एकच नंबर आणि त्याखाली आमची सगळ्यांची नावं, लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांसारखी एकाखाली एक.

तीन जुलैला सकाळी बॉक्सलीवरून उतरलो. एल्क होते, त्याने सांगितल्या वेळी, सांगितल्या कुरणात. पुढे फोनची रेंज गेली. या खोऱ्यात ती बहुतेक ठिकाणी नसतेच, आणि अशा भुरट्यांना ते सोयीचंच पडतं. भेटायची जागा पोंकाचा लो-वॉटर ब्रिज. पुलाखाली पाणी घोट्याएवढं. इतकं नितळ की तळाचे गोटे आणि त्यांच्यावरून सुरकन पळणारी बोटभर मासळी मोजावी. एक लहान मुलगी चपला हातात घेऊन या काठावरून त्या काठाला गेली, तिची चड्डीसुद्धा भिजली नाही. मालवणकर पुलावर उकिडवा बसून बराच वेळ खाली बघत होता. मग म्हणाला, “ह्यात होडी घालतलास तर ती बसतली.”

तासाभराने पार्कचा रेंजर आला. मी कागद दाखवले. त्याने परमिट उन्हात धरून पाहिलं आणि शांतपणे सांगितलं की या नदीत स्वतःची कनू उतरवायला परमिट लागतच नाही, पार्कला प्रवेश फीसुद्धा नाही, आणि तरंगत जाताना वाटेत गोट्यांच्या काठावर तंबू ठोकायलाही पैसे पडत नाहीत. जी गोष्ट फुकट आहे तीच आम्ही माणशी 15 डॉलरला घेतली होती. लायसन्सचं तो म्हणाला, ते राज्याच्या गेम अँड फिश कमिशनचं असतं आणि 16 वर्षं व त्यापुढच्या प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं लागतं. गटाचं असं नसतं. गळ टाकला असता आणि तपासणी झाली असती तर दंड आम्हालाच. त्याने कागदांचे फोटो घेतले. त्याच्या वागण्यात जराही आश्चर्य नव्हतं, यावरून काय ते समजलो.

केबिनचा पत्ता खरा निघाला. म्हणजे घर खरं, पोर्चवर झोपाळा, कुत्रा, आणि आतून आलेल्या सत्तरीच्या आजीबाई, ज्यांनी आयुष्यात कधी घर भाड्याने दिलं नव्हतं. आमच्या गाडीची टपावरची सामानाची पेटी बघूनच त्यांनी ओळखलं. “तुम्ही पण का?” म्हणाल्या आणि आम्हाला थंड पाणी दिलं. त्यांच्या घराचा फोटो कुठल्याशा घरविक्रीच्या जुन्या जाहिरातीतून उचललेला होता.

सहल पूर्ण बुडाली नाही. त्या ‘धंदा न करणाऱ्या’ बाईंना रेंज आल्यावर फोन केला. त्यांनी ‘मी सांगितलं होतं’ वगैरे काही ऐकवलं नाही आणि खालच्या भागातल्या एका परवानाधारकाचा नंबर दिला. त्याच्याकडे कोणाचं तरी रद्द झालेलं बुकिंग होतं. दुसऱ्या दिवशी बफलो पॉइंट ते रश, साताठ मैल. लायसन्स आदल्या संध्याकाळी वॉलमार्टच्या काउंटरवर ज्याची त्याने काढली. ऑनलाइनही निघतात, आणि बाहेरच्या राज्यातल्यांना थोड्या दिवसांचंही मिळतं. मालवणकराला एक बरा स्मॉलमाउथ लागला, त्याने तो सोडून दिला आणि परतीच्या अख्ख्या वाटेवर त्याचा पश्चात्ताप केला.

त्या खालच्या कनूवाल्याने एक गोष्ट सांगितली ती इथे द्यायलाच हवी. रशच्या पुढे व्हाइट नदीपर्यंत साधारण चोवीस मैल बाहेर पडायला रस्ता नाही. आमच्यासारखे लोक पोंकाला आल्या पावली परत तरी जाऊ शकतात. पण गाडी पुढे नेऊन ठेवायचे पैसे कुणा भुरट्याने घेतले आणि तुम्ही त्या शेवटच्या पट्ट्यात उतरलात, तर दुसऱ्या टोकाला गाडी नाही, फोन नाही, आणि अंधार पडलेला. पैशांपेक्षा मला तो प्रकार भयंकर वाटतो. म्हणून गाडी हलवून देणाराही परवानाधारकच हवा. पार्कच्या हद्दीत तो धंदाही परवान्याशिवाय करता येत नाही.

परवाना कोणाकडे आहे हे बघणं पाच मिनिटांचं काम आहे. बफलोची अधिकृत यादी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर आहे. करंट आणि तिची उपनदी जॅक्स फोर्क यांच्यासाठी ओझार्क नॅशनल सीनिक रिव्हरवेजच्या पानावर तशीच यादी मिळते. फोन नंबर त्या यादीतलाच लावा, जाहिरातीतला नव्हे, कारण खऱ्या धंद्याचं नाव आणि स्वतःचा नंबर अशीही जाहिरात असते. पोंकाच्या गेजचे आकडे भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या पानावर दिवसभर बदलत दिसतात. ते बघून ठरवा. आणि पैसे क्रेडिट कार्डानेच. तीन टक्के गेले तर जाऊ देत, निदान बँकेकडे भांडायला जागा राहते.

झेलच्या पैशांचं काय झालं? बँकेने ऐकून घेतलं आणि सांगितलं की व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केला होता, तेव्हा आम्ही काही करू शकत नाही. पेपालनेही तेच, जरा गोड भाषेत. फेडरल ट्रेड कमिशनकडे, एफबीआयच्या सायबर तक्रार केंद्राकडे आणि अर्कान्साच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे तक्रारी नोंदवल्या. पोच आल्या, पैसे आले नाहीत. तरी तक्रार करा, कारण एकच खातं दहा तक्रारींत दिसलं तर कोणाच्या तरी नजरेत भरेल.

डॅलसकराने चिडून हा सगळा किस्सा फेसबुकवर लिहिला. दुसऱ्याच दिवशी त्याला एक ‘रिकव्हरी एजंट’ भेटला: तुमचे पैसे शोधून देतो, आधी दोनशे डॉलर फी. फसलेल्या माणसाला परत फसवणारी ही वेगळीच जमात आहे, आणि ती अशा पोस्टींवर टपून असते. त्याला डॅलसकराने अस्सल सदाशिव पेठी मराठीत उत्तर दिलं, ते इथे छापण्यासारखं नाही.

मागच्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव नवं, फोटो तेच, या वेळी लेबर डेच्या सुट्टीसाठी, आणि झेलच्या जागी कॅश ॲप. आम्ही सगळ्यांनी ती रिपोर्ट केली, अजून काढलेली नाही. मालवणकराने खाली इंग्रजीत फक्त एवढंच विचारलं होतं की पोंकाला ट्राउट कुठून आला. अर्ध्या तासात त्याला ब्लॉक केलं.