जाम झालेले सस्पेन्शनचे बोल्ट: तेल, पाइप, आच की कटर?

पावसाळ्यात वावरापर्यंत जाणाऱ्या गाडीच्या पोटाला काळी माती चिकटते, ती दिवाळीपर्यंत निघत नाही. वरून वाळलेली दिसते, पण लोअर आर्मच्या (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) ब्रॅकेटमध्ये आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या शॅकलपाशी (त्यांना चासीशी जोडणाऱ्या कडीपाशी) आतून ओलच धरून असते. त्यात युरियाची पोती वाहिली असतील तर गंज आणखी लवकर चढतो. जुन्या मारुती 800, ऑम्नी, अल्टो किंवा इंडिकाचे बुश (जोडांतल्या रबराच्या, आत लोखंडी नळी असलेल्या गाद्या) बदलायला घेतले की बोल्ट हलायचं नाव घेत नाही, तो यामुळे.

हाताशी मार्ग चार: तेल मारून थांबणं, लांब पाइप लावून जोर देणं, तापवणं, कापणं. बहुतेक जण आधी जोर देतात, आणि घरी काम बिघडतं ते तिथेच. कोणता मार्ग घ्यायचा हे बोल्ट कुठे अडकला आहे त्यावर ठरवा.

अडकला कुठे, ते आधी बघा

तारेच्या ब्रशने डोकं, नट आणि बाहेर आलेले आटे साफ करा. बारा कोनी नको, सहा कोनी गोटी (सॉकेट) घ्या. गंजलेल्या नटावर बारा कोनी गोटी कोपऱ्यांवरून घसरते आणि नट गोल होतो. आता फिरवून बघा.

नट जागचा हलत नसेल तर तो आट्यांत धरला आहे. नट सुटला, पण बोल्ट थोडा फिरतो आणि सोडला की परत मागे येतो, असं असेल तर बोल्टची दांडी बुशच्या आतल्या लोखंडी नळीला चिकटली आहे. तुम्ही फिरवताय ते बुशचं रबर. आणि मागे सुटा नट दिसतच नसेल तर नट चासीला आतून वेल्ड केलेला आहे. तिथे सर्वांत जास्त जपायचं, कारण बोल्ट आत तुटला तर ड्रिल करून काढावा लागतो आणि ते काम घरचं राहत नाही.

तेल आणि वेळ

नट आट्यांत धरला असेल तर सुरुवात इथूनच. गंज सोडवण्याचा पेनिट्रेटिंग स्प्रे मिळाला तर उत्तम. साधा डब्ल्यूडी-40 मुळात पाणी हटवण्यासाठी बनलेला आहे, चढलेल्या गंजावर त्याचा जोर कमी पडतो. डिझेल चालतं, पण जास्त वेळ द्यावा लागतो. रात्री मारा, सकाळी पुन्हा मारा, आणि मधे नटाच्या बाजूंवर हातोडीने ठोका. त्या हादऱ्याने गंजात फटी पडतात आणि तेल आत शिरतं. सोडवताना आधी किंचित आवळायच्या दिशेने ताण द्या, मग उलट. अर्धा फेरा सुटला की पाव फेरा परत आवळा, तेल मारा, पुन्हा सोडवा. गंजाचा भुगा आट्यांत दाबला गेला तर सुटत आलेला नट पुन्हा जाम होतो.

बुशच्या नळीत चिकटलेल्या दांडीवर मात्र तेलाची आशा धरू नका. नळीची दोन्ही तोंडं ब्रॅकेटला घट्ट टेकलेली असतात, तेल आत पोचतच नाही.

पाइप

टॉमीला (गोटी फिरवायच्या दांडीला) बोअरचा जुना पाइप जोडणं सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत फसवं. एक मीटर लांबीच्या टोकावर 40 किलोचा भार दिला की बोल्टवर जवळपास 400 न्यूटन मीटर पडतात. 12 मिलिमीटरचा बोल्ट त्याच्या निम्म्यातही पिळून तुटू शकतो. नट सुटा असेल आणि बोल्ट तसाही बदलायचा असेल तर पाइप लावायला हरकत नाही. वेल्ड केलेल्या नटावर लावू नका. बॅटरीवर चालणारा इम्पॅक्ट रेंच पाइपपेक्षा बरा, कारण तो झटके देतो आणि आटे झटक्याने सुटतात. नळीत चिकटलेल्या बोल्टवर तोही कमी पडतो. झटके रबर खाऊन टाकतं.

आच

वेल्ड केलेल्या नटासाठी माझी पहिली पसंती हीच. तापवायचा नट, बोल्ट नाही. नट 300 अंशांनी तापला तर 12 मिलिमीटरचं भोक सुमारे 0.04 मिलिमीटरने मोठं होतं. ऐकायला कमी वाटतं, पण गंजाची पकड सुटायला पुष्कळदा तेवढं पुरतं. छोट्या गॅस टॉर्चची उष्णता जाड ब्रॅकेटच शोषून घेतो, म्हणून ऑक्सिजन-गॅसवाल्या वेल्डिंगच्या दुकानात गाडी नेणं जास्त खात्रीचं.

आच लावायच्या आधी तेल पुसून काढा. शॉकअप कधीच तापवू नका, तो बंद असतो आणि फुटू शकतो. ब्रेकचा होज, एक्सलचं रबर बूट, पेट्रोलची लाइन, मागच्या बाजूला टाकी, सीएनजी किट: यांतलं काही जवळ असेल तर हा मार्ग सोडा. बुश ठेवायचा असेल तरीही सोडा, रबर जळतं. आणि तापलेला बोल्ट परत वापरायचा नाही, त्याचं पाणी (पोलादाला दिलेला कडकपणा) उतरलेलं असतं.

कापणं

बोल्ट नळीत चिकटला असेल तर वेळ न घालवता कापा. चार इंची ग्राइंडर, 1 मिलिमीटरची कटिंग डिस्क. बुशची नळी आणि ब्रॅकेट टेकतात त्या सांध्यावर दोन्ही बाजूंनी काप घेतला की आर्म खाली येतो. ग्राइंडर शिरत नसेल तिथे हॅकसॉचं नुसतं पातं, एका टोकाला कापड गुंडाळून. वेळ लागतो, पण ब्रॅकेटला ओरखडा जात नाही. कापताना बुशचा बळी दिला तर चालेल, ब्रॅकेटचा नाही; तो गाडीच्या बॉडीचा भाग आहे. आत अडकलेल्या तुकड्यासकट बुश प्रेसवर काढण्यापेक्षा अख्खा नवा आर्म परवडतो का, ते कापायच्या आधी विचारून ठेवा.

चष्मा हवाच. घरात कापूस भरून ठेवला असेल किंवा जवळ कुटाराचा ढीग असेल तर ग्राइंडर आणि गॅस, दोन्ही तिथे नकोत. ठिणगी कापसात शिरली तर आत धुमसत राहते, उशिरापर्यंत कळत नाही.

जागा आणि जोडणी

सारवलेल्या अंगणात जॅक रुततो. खाली जाड फळी द्या, गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) घ्या, चाकांना उटी लावा. विटांवर गाडी ठेवून खाली शिरू नका.

नवा बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातला साधा चालत नाही. डोक्यावर 8.8 किंवा 10.9 यांपैकी जुन्यावर असेल तोच दर्जा हवा, आणि आटे जुळवून घ्या: या गाड्यांत 1.25 पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) बारीक आटे बरेचदा असतात, तर दुकानातला 12 मिलिमीटरचा साधा बोल्ट 1.75 चा असतो. तो दोन फेरे जातो आणि मग नटाचे आटे खातो. दांडीला ग्रीसचा पातळ हात द्या, आट्यांना नको.

बुशचे बोल्ट आधी नुसते बसवा. गाडी खाली उतरवून चाकांवर वजन आलं की मग पूर्ण आवळा. हवेत लटकलेल्या आर्मवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. पुढचा आर्म बदलला असेल तर तालुक्याला जाऊन अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायर एका बाजूने झिजतील.