फुजी रॉक की सारावाकचं रेनफॉरेस्ट?

आशियात वर्षातून एकदाच गाण्यांसाठी बाहेर पडायचं असेल, तर माझ्या यादीत दोनच नावं उरतात: जपानचा फुजी रॉक आणि मलेशियातल्या सारावाकचा रेनफॉरेस्ट वर्ल्ड म्युझिक फेस्टिव्हल.

फुजी रॉकचा फुजी पर्वताशी आता नावापुरताच संबंध. 1997 साली पहिला महोत्सव त्या परिसरात झाला आणि वादळापायी दुसरा दिवस रद्द करावा लागला. 1999 पासून तो नीगाता प्रांतातल्या नाएबा स्की रिसॉर्टवर, जुलैअखेरीस भरतो. तोक्योहून शिंकान्सेन या बुलेट ट्रेनने एचिगो-युझावा, पुढे बस. जगातली मोठी नावं ऐकायची तर इथेच. पण पाऊस जवळपास ठरलेला, आणि एका मंचावरून दुसऱ्याकडे जाताना पायांचे तुकडे पडतात. चांगला रेनकोट नसेल तर जाऊच नये.

रेनफॉरेस्ट 1998 पासूनचा, कुचिंगजवळ सांतुबोंग डोंगराच्या पायथ्याशी. रात्रीचे कार्यक्रम छानच, पण खरी मजा दिवसाच्या कार्यशाळांत. लाकडी लाँगहाऊसमध्ये, म्हणजे अनेक कुटुंबांच्या लांबलचक पारंपरिक घरात, मांडी घालून बसायचं. समोर सापे, म्हणजे ओरांग उलू या तिथल्या आदिवासी लोकांचं होडीच्या आकाराचं तंतुवाद्य, वाजवणारा; शेजारी भलत्याच देशातला तालवादक. भाषा एक नाही, तरी थोड्या वेळात ठेका जमतो, आणि तारेवरची बोटंसुद्धा दिसतील इतक्या जवळून ते पाहता येतं. उकाडा मात्र घामटा काढतो.

बँडची यादी पाहून तिकीट काढणाऱ्याने सरळ नाएबा गाठावं. कधी नावही न ऐकलेलं काही कानावर पडावं असं वाटत असेल, तर कुचिंग. माझा कौल कुचिंगलाच.