पीएसआरएनएटार्गेट: चाळणी चांगली, पण जाळी आपणच बसवायची

जिवाणूजन्य रोगात वनस्पतीचे मायक्रोआरएनए (जनुकांचं काम दाबणारे छोटे आरएनए) कोणत्या जनुकांवर बसतात, याचा पहिला अंदाज घ्यायला पीएसआरएनएटार्गेट हा वेब सर्व्हर आजही फार उपयोगी आहे. २०११ मध्ये तो आला, २०१८ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. पैसे लागत नाहीत, नोंदणी लागत नाही. पण डिफॉल्ट आकड्यांवर भिस्त ठेवून आलेली यादी तशीच प्रबंधात चिकटवली, तर घात होतो.

आधी त्याची पारख एमआयआर३९३ या मायक्रोआरएनएवर करा, कारण इथलं उत्तर पक्कं माहीत आहे. जिवाणूच्या फ्लॅजेलिनमधला फ्लॅग२२ हा तुकडा ओळखताच अ‍ॅराबिडॉप्सिसचं (प्रयोगशाळेतल्या नमुना वनस्पतीचं) रोप हा मायक्रोआरएनए वाढवतं. मग टीआयआर१, एएफबी२, एएफबी३ या ऑक्झिनग्राहींचे (ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक ओळखणाऱ्या प्रथिनांचे) एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याचा संदेश नेणारे आरएनए, कापले जातात, ऑक्झिनचा संकेत मंदावतो आणि स्यूडोमोनास सिरिंगी या जिवाणूला पानात वाढणं जड जातं. हे २००६ मध्ये दाखवलं गेलं. तुमच्या यादीत हे तिघं वर दिसले नाहीत, तर लायब्ररी (ज्यात टार्गेट शोधायचं तो ट्रान्सक्रिप्टचा संच) चुकीची निवडली आहे किंवा २२ अक्षरांच्या (न्यूक्लिओटाइडच्या) पक्व क्रमाऐवजी केसपिनीसारखा अख्खा पूर्वगामी क्रम पेस्ट झाला आहे. दुसरी चूक फारच नेहमीची.

आता गुणांकन. ‘एक्स्पेक्टेशन’ जितकं कमी, तितकी जोडी घट्ट. साधी विजोड जोडी १ गुण दंड, जी-यू जोडी ०.५, आणि मायक्रोआरएनएच्या २ ते १३ या अक्षरांच्या बीजभागात दंड दीडपट. म्हणजे तीच विजोड जोडी अक्षर ५ वर १.५ ला पडते, अक्षर १८ वर १ लाच. पहिल्या आवृत्तीत मर्यादा ३ होती, दुसरीत डिफॉल्ट ५ आहे. ५ वर खरी टार्गेट सुटत नाहीत, पण भरताड खूप येतं. आमचं मत स्पष्ट आहे: प्रयोगासाठी जनुकं निवडताना ३ वर चाळा, ५ ची यादी बाजूला राखून ठेवा.

‘इनहिबिशन’ या रकान्याकडे बहुतेक जण बघतच नाहीत. १० आणि ११ या अक्षरांपाशी जोडी विजोड असेल, तर सर्व्हर ‘ट्रान्सलेशन’ लिहितो, म्हणजे एमआरएनए न कापता त्यापासून प्रथिन बनणं रोखलं जातं. अशा टार्गेटचा एमआरएनए क्यूपीसीआरमध्ये (आरएनएचं प्रमाण मोजणाऱ्या चाचणीत) जवळपास तेवढाच दिसू शकतो. प्रथिन मोजण्यासाठी वेस्टर्न ब्लॉट ही चाचणी करावी लागते. एमआयआर३९३बी ची दुसरी बाजू, म्हणजे ३पी, टाकायला विसरू नका. ती एजीओ२ मध्ये (एजीओ म्हणजे मायक्रोआरएनए धरून काम करणारी प्रथिनं) बसते आणि एमईएमबी१२ या प्रथिनाचं भाषांतर दाबते. त्यामुळे पीआर१ हे रोगप्रतिकारक प्रथिन पेशीबाहेर जास्त सोडलं जातं. फक्त पहिली बाजू, म्हणजे ५पी, टाकणाऱ्याला ही अर्धी गोष्ट कधीच सापडणार नाही.

सर्व्हरला एजीओ कळत नाही, ही त्याची मोठी उणीव. पहिलं अक्षर यू असेल तर बहुधा एजीओ१, ए असेल तर एजीओ२, एवढं आपणच बघायचं. लांबीही बघा: टोमॅटोचा एमआयआर४८२ २२ अक्षरांचा आहे. तो रोगप्रतिकारक एनबीएस-एलआरआर जनुकांच्या पी-लूप या भागावर बसतो आणि तिथून दुय्यम एसआयआरएनए, म्हणजे आणखी छोटे आरएनए, तयार होतात. ती साखळी हा सर्व्हर दाखवत नाही.

डाळिंबाच्या तेल्या या जिवाणूजन्य रोगावर काम करणाऱ्यांनी तिसरा टॅब वापरावा, जिथे लघुआरएनए आणि ट्रान्सक्रिप्ट दोन्ही आपले देता येतात. ट्रान्सक्रिप्टची फाइल फास्टा स्वरूपात, यूटीआरसह (प्रथिन न बनवणाऱ्या दोन्ही टोकांसह) द्या. नुसता सीडीएस (प्रथिन बनवणारा मधला भाग) दिला तर टोकाकडच्या जागा हातच्या जातात. त्याआधी रीड्समधला (सिक्वेन्सिंगमधून आलेल्या तुकड्यांमधला) अ‍ॅडॉप्टर काढा, २० ते २४ अक्षरांचेच ठेवा आणि झँथोमोनास या तेल्याच्या जिवाणूच्या जीनोमशी जुळणारे वेगळे करा. रोगट पानात जिवाणूच्या आरएनएचे तुकडे असतातच, आणि सर्व्हर त्यांनाही गुपचूप ‘टार्गेट’ शोधून देतो.

यादीतल्या पहिल्या पाच-सहा जनुकांसाठी ५' आरएलएम-रेस (एमआरएनए नेमका कुठे कापला गेला ते शोधणारी चाचणी) करा. काप मायक्रोआरएनएच्या १० आणि ११ या अक्षरांच्या मध्ये समोर पडला, तरच ‘क्लीव्हेज’ हा शब्द लिहा.