नागपूरच्या बर्डीतलं जुन्या छापील चित्रांचं दुकान: पंचची व्यंगचित्रं घ्यायची असतील तर आधी हे वाचा

बाबांच्या पंच्याहत्तरीला काय द्यायचं हे दोन महिने डोक्यात घोळून राहिलं होतं. शाल नको, मोबाईल तर त्यांना नकोच. मग ऑफिसमधल्या एका ताईंनी सांगितलं की बर्डीत मेन रोडवरून आत गल्लीत पहिल्या माळ्यावर एक काका जुन्या मासिकांची पानं, नकाशे, चित्रं विकतात आणि फ्रेम पण करून देतात. शनिवारी गेले आणि तीन तास तिथेच होते. त्यानंतर अजून दोनदा जाऊन आले, त्यामुळे आता नीट लिहिता येईल.

दुकान लहान आहे, पंखा एक, बसायला स्टूल एक. पण माल बघाल तर सोडवत नाही. मी गेले होते इंग्रजांच्या काळातली व्यंगचित्रं बघायला, म्हणजे लंडनचं पंच नावाचं जे साप्ताहिक 1841 ला सुरू झालं त्यातली. काकांकडे त्याची तीसेक चित्रं आहेत, काही खरी जुनी पानं आणि बाकी नवीन प्रिंट, आणि कोणतं काय आहे ते ते स्वतःहून सांगतात, हे मला सगळ्यात आवडलं. खरं पान 2800 च्या पुढे, नवीन प्रिंट 450, फ्रेमसकट 1150.

खरं-नवीन कसं ओळखायचं ते पण त्यांनी शिकवलं. हातात भिंग दिलं आणि म्हणाले, "ताई, घाई करू नका, सावलीची जागा बघा." जुन्या पानात सावलीसुद्धा बारीक रेषांनीच केलेली असते, कारण ते चित्र लाकडाच्या ठोकळ्यावर कोरलेलं असायचं. नवीन प्रिंटमध्ये त्याच जागी ठिपके दिसतात. आणि मोठ्या चित्रात कुठे कुठे केसासारखी बारीक पांढरी सरळ रेघ दिसते ना, ती छपाईची चूक नाही, बॉक्सवुड नावाच्या कठीण लाकडाचे लहान लहान तुकडे जोडून मोठा ठोकळा करायचे त्याचा तो सांधा आहे. पंचमध्ये बुधवारी जेवणाच्या टेबलावर आठवड्याचा विषय ठरायचा, मग चित्रकार जॉन टेनिएल पेन्सिलीने काढायचे आणि जोसेफ स्वेनच्या कारखान्यातले कारागीर ते कोरायचे, सगळं दोन-तीन दिवसांत. त्या कारागिरांचं नाव कोणी घेत नाही पण भिंगातून बघितलं की त्यांचाच हात दिसतो.

मी घेतलेलं चित्र 15 एप्रिल 1876 चं आहे, टेनिएलचंच. पंतप्रधान डिझरायली पूर्वेकडच्या जादूगार फेरीवाल्याच्या वेषात, आणि समोर व्हिक्टोरिया राणी. अल्लाउद्दिनच्या गोष्टीत तो जादूगार जुने दिवे घेऊन नवे दिवे देतो ना, तसा हा जुन्या मुकुटाच्या बदल्यात नवा मुकुट देऊन राहिला आहे. नवा मुकुट म्हणजे हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब, ज्याच्यासाठी त्या वर्षी पार्लमेंटमध्ये कायदा केला गेला. आणि गोष्ट माहीत असलेल्या माणसाला लगेच कळतं की त्या सौद्यात फसलं कोण होतं. एका चित्रात एवढं सगळं, आणि तेही राणी गादीवर असताना तिच्याच राजधानीत छापलेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डिझरायलीला अर्ल केलं गेलं, म्हणजे तू मला किताब दे मी तुला देतो, त्यावरही पंचने चित्र काढलंच.

आता हेच चित्र का, तर 1 जानेवारी 1877 ला दिल्लीत दरबार भरवून व्हाइसरॉय लिटननी तो किताब जाहीर केला, दक्षिणेत दुष्काळाने माणसं मरत असताना, आणि बरोबर त्याच दिवशी आपल्या नागपुरात जमशेदजी टाटांची मिल सुरू झाली. म्हणून तिचं नाव एम्प्रेस मिल, एम्प्रेस म्हणजे सम्राज्ञी. माझे बाबा तिथे स्पिनिंग खात्यात होते, 2002 ला बंद होईपर्यंत. आमचं घर त्या भोंग्यावर उठायचं आणि झोपायचं. ज्या नावाखाली बाबांनी आयुष्यभर पाळ्या केल्या ते नाव आलं कुठून, हे त्यांना भिंतीवर बघायला मिळावं असं मला वाटलं.

चित्रासोबत काका एक मराठी चिठ्ठी देतात, विषय समजावून सांगणारी. कल्पना खूपच चांगली आहे पण माझ्या चिठ्ठीत साल 1877 टाकलं होतं. मी दाखवलं तर त्यांनी वाद घातला नाही, वही काढून बघितलं, आणि पुढच्या वेळी गेले तेव्हा चिठ्ठी नवीन छापलेली होती.

बाकी चित्रांपैकी 10 डिसेंबर 1892 चं पंचच्याच सॅम्बोर्न या चित्रकाराचं आहे, आफ्रिकेत इंग्रजांचं राज्य वाढवणारा सेसिल ऱ्होड्स एक पाय उत्तरेला कैरोवर आणि एक पाय दक्षिणेला केपवर ठेवून अख्ख्या आफ्रिकेवर उभा, हातात तारायंत्राची तार. ते प्रिंटमध्येही छान निघालंय, घ्यायचं तर घ्या. मात्र 22 ऑगस्ट 1857 चं सिंह वाघावर झेप घेतो ते चित्र मी घेतलं नाही. तेही टेनिएलचंच, आणि त्यात सरळ सरळ सूड मागितलाय, बंगालचा वाघ म्हणजे आपले बंडातले लोक. चित्रकला जबरदस्त आहे, पण पंच आपल्या सरकारला हसायचं ते त्यांच्या घरातलं भांडण होतं, राज्य असावं की नाही हा प्रश्न त्यात नव्हताच. दुकानात सरकारला हसणारी आणि ही सूड मागणारी, दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावायला पाहिजे असं मी काकांना सांगितलं, नाहीतर लोकांना वाटतं इंग्रज किती मोकळ्या मनाचे.

आणि इथेच माझी मोठी तक्रार आहे. तीस चित्रं लंडनची आणि आपल्याकडची फक्त दोन! लखनौचं अवध पंच 1877 लाच निघालं, मुन्शी सज्जाद हुसेन यांचं उर्दू साप्ताहिक, शायर अकबर इलाहाबादी त्यात लिहायचे. मुंबईत 1854 पासून पारसी पंच होतं, ते पुढे हिंदी पंच झालं (हिंदी म्हणजे भाषा नाही, हिंदचं या अर्थाने, मजकूर गुजराती आणि इंग्रजीत असायचा). त्याच्या चित्रांतलं पंचोबा नावाचं पात्र बघाल तर आपल्यातलाच वाटतो. लंडनच्या रिव्ह्यू ऑफ रिव्ह्यूज या मासिकात हिंदी पंचची चित्रं परत छापली जायची, म्हणजे राज्य करणाऱ्यांना ती बघावी लागत होती. या लोकांनी इंग्रजांचाच पंच उचलला आणि तो इंग्रजांवर फिरवला, आणि तेही कुठल्या काळात, 1870 मध्ये राजद्रोहाचं 124अ कलम आलेलं, 1878 मध्ये लिटननी देशी भाषांतल्या छापखान्यांवर कायदा आणला, जामीन भरा, वर कोर्टात अपील नाही, आणि इंग्रजी पत्रांना मात्र तो लागू नाही. 1882 मध्ये पुढचे व्हाइसरॉय रिपन यांनी तो काढला. एवढं डोक्यावर असताना चित्र काढणं म्हणजे लंडनच्या टेबलावर जेवता जेवता विषय ठरवण्यासारखं नव्हतं.

काकांचं म्हणणं असं की इंग्रजी मासिकाचे बांधीव खंड क्लबात, बंगल्यांत असायचे, ते नंतर रद्दीत आले म्हणून मिळतात, उर्दूची लिथोची, म्हणजे दगडावरून छापलेली पानं स्वस्त कागदावरची, ती चुरा होऊन गेली. पटतं. पण मग प्रिंट तर करता येते ना, ग्रंथालयांतून परवानगी घेऊन. ते प्रयत्न करतो म्हणाले.

अजून एक गोष्ट मला टोचली, बांधलेला खंड फाडून पानं विकणं. विचारलं तर म्हणाले फक्त वाळवी लागलेले, शिवण उसवलेलेच खंड उघडतो, आणि तसा एक दाखवलाही. तुम्ही घेताना विचारा मात्र.

फ्रेमचं काम स्वच्छ आहे, कोपरे बरोबर जुळलेले. पण मागे साधा हार्डबोर्ड लावतात, त्याने जुना कागद पिवळा पडतो, खरं पान घेतलं तर अ‍ॅसिड नसलेला माउंट (चित्रामागचा पुठ्ठा) मागून घ्या, 200 जास्त लागतात. काच साधी आहे, खिडकीसमोर लावली की चमकते. दहा दिवस सांगितले होते, चौदा लागले. जिना उभा आहे, वयस्कर माणसांना त्रास होईल.

बाबांनी फ्रेम हातात घेऊन कितीतरी वेळ बघितली. मग म्हणाले, "मिलवर नाव होतं ते हिचंच नं?" आणि दिवाणसमोर खाली लावायला सांगितली, बसल्या बसल्या दिसावी म्हणून. खिळा मीच ठोकला. अवध पंचची प्रिंट आली की काका फोन करणार आहेत, तिच्यासाठी शेजारी जागा सोडली आहे.