जुनं इलेक्ट्रॉनिक्स ऑनलाइन विकायचंय? कुठली वस्तू कुठे टाकायची, माझा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, घरात पडून असलेलं इलेक्ट्रॉनिक्स ऑनलाइन विकणं वर्थ आहे, पण सगळ्या वस्तू एकाच अ‍ॅपवर टाकून मोकळं व्हायचं असेल तर मनस्ताप होणार हे धरून चाला. मी तिन्ही प्रकार वापरलेत. एक म्हणजे आसपासचा माणूस येऊन वस्तू घेऊन जातो ती मार्केटप्लेस, फेसबुक मार्केटप्लेस (ही २०१६ पासूनची) किंवा ओएलएक्स टाइप. दुसरं ईबेसारखं, जिथे बोली लागते किंवा फिक्स किंमत असते आणि वस्तू पार्सलने जाते. आणि तिसऱ्या त्या बायबॅकवाल्या सर्व्हिस, म्हणजे जुनी वस्तू स्वतःच विकत घेणाऱ्या कंपन्या, मॉडेल निवडा, चार प्रश्नांची उत्तरं द्या, किंमत लगेच स्क्रीनवर.

बायबॅकपासून सुरू करते कारण सगळ्यात जास्त अपेक्षा तिथेच असतात. फोन, टॅबलेट, लॅपटॉप सोडून बाकी कशाला हे लोक फारसे हात लावत नाहीत. सोय खरंच मस्त आहे, कोणाशी घासाघीस नाही, कोणी घरी येऊन तासभर बसत नाही. पण स्क्रीनवर दिसलेली किंमत ही शेवटची किंमत नसते हे मनात पक्कं ठेवा. माझ्या फोनला तपासणीनंतर डिस्प्लेवर डाग आहे म्हणून रक्कम कमी करून सांगितली, मी पाठवायच्या आधी पूर्ण पांढरी स्क्रीन लावून फोटो काढून ठेवले होते ते दाखवले, तेव्हा कुठे थोडी वाढवली, पण पहिल्या आकड्यापर्यंत काही आले नाहीत. यांचं गणित सरळ आहे, त्यांना तो फोन दुरुस्त करून परत विकायचाय आणि वर नफाही काढायचाय, म्हणून थेट गिऱ्हाइकाला विकून जे मिळतं त्यापेक्षा इथे कमीच मिळणार. ज्याला वेळ अजिबात नाही त्याने जावं. माझ्याकडून ५ पैकी ३, आणि ते ३ सुद्धा सोयीचे.

ईबेसारख्या साइट मला आवडतात पण सगळ्यासाठी नाही. तिथे जगभरातला नेमकी तीच वस्तू शोधणारा माणूस बसलेला असतो. जुना फिल्म कॅमेरा, कॅसेट डेक, जुना गेमिंग कन्सोल, बंद झालेल्या मॉडेलचा रिमोट, अशा गोष्टींना शेजारपाजारी कोणी विचारत नाही आणि तिथे चांगली बोली लागते. बिघडलेल्या वस्तूसुद्धा जातात, 'फक्त पार्टसाठी' असं स्पष्ट लिहून टाकायचं. १९९५ साली ईबे सुरू झालं तेव्हा त्याचे संस्थापक पिएर ओमिड्यार यांनी तिथे विकलेली पहिली वस्तू बंद पडलेला लेझर पॉइंटर होता असं सांगतात, आणि घेणाऱ्याला तो बंद आहे हे माहीत होतं, त्याला तसलेच हवे होते. विकायच्या आधी ॲक्टिव्ह लिस्टिंग (अजून न विकलेल्या वस्तूंच्या जाहिराती) बघून किंमत ठरवू नका, तिथे कोणीही काहीही आकडा टाकून ठेवतं, 'सोल्ड' चा फिल्टर लावा म्हणजे प्रत्यक्षात कितीला गेलं ते दिसतं. हा एक फिल्टर मला सगळ्या साइटवर हवा होता. कमी कुठे पडतं तर फी, पॅकिंग आणि परत पाठवणारे लोक. जड वस्तू पाठवायच्या फंदात पडूच नका, आणि टीव्ही तर अजिबात नको, मूळ खोका आणि थर्माकोल असला तरी पॅनल तडकायची भीती राहते. लिथियम बॅटरी असलेल्या वस्तूंना पार्सलचे वेगळे नियम असतात, सुटी बॅटरी तर बरेच कुरिअरवाले घेतच नाहीत, तेव्हा लिस्टिंग टाकायच्या आधी विचारून घ्या. ५ पैकी साडेतीन.

आता आसपासच्या लोकांना विकायची मार्केटप्लेस. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, मिक्सर, स्पीकर यासाठी माझ्या मते दुसरा पर्यायच नाही. ५ पैकी ४, एक स्टार कापला तो निव्वळ मेसेजच्या त्रासासाठी. लिस्टिंग टाकली की 'अजून आहे का', 'लास्ट प्राइस', 'फायनल बोला' यांचा पाऊस पडतो आणि त्यातले निम्मे लोक उत्तर दिल्यावर गायब. याला उपाय एकच, लिस्टिंगमध्येच इतकं लिहा की विचारायला काही उरणार नाही. मी काय करते तर मागच्या बाजूचं मॉडेल नंबरचं स्टिकर असतं त्याचा जवळून फोटो (सिरियल नंबर झाकून), वस्तू चालू असतानाचा फोटो, आणि मग जो दोष आहे त्याचा फोटो सगळ्यात मोठा, ओरखडा असेल तर शेजारी बोट ठेवून, म्हणजे तो केवढा आहे ते कळतं. आणि वर्णनाची पहिली ओळ दोषाची. माझ्या जुन्या कॅसेटवाल्या म्युझिक सिस्टीमला मी लिहिलं होतं, 'डाव्या स्पीकरचा आवाज थोडा बारीक येतो, बाकी व्यवस्थित.' माझा ठाम अनुभव आहे की दोष आधी लिहिला की वस्तू लवकर जाते, कारण गिऱ्हाईक येतं ते मन तयार करून येतं, दारात उभं राहून भाव पाडत नाही. तोच दोष त्याला स्वतःला सापडला तर तो बाकी नसलेले चार दोषही धरतो.

ही म्युझिक सिस्टीम घ्यायला जे काका आले ते स्वतःची कॅसेट खिशात घेऊन आले होते. आधी नुसती कॅसेट घालून बटण दाबलं, मग फास्ट फॉरवर्ड, मग रिवाइंड, टेप ओढली जात नाही ना ते बघायला झाकण उघडून बघितलं, आणि मग डाव्या स्पीकरला कान लावून बसले. म्हणाले वायरचं टोक काळं पडलंय, घासलं की होईल. लिहिलेल्या किमतीला घेऊन गेले, एका शब्दाने कमी करा म्हणाले नाहीत. असं गिऱ्हाईक भेटलं की फार बरं वाटतं, वस्तू योग्य माणसाकडे गेली.

चालवून दाखवायची तयारी ठेवा. मायक्रोवेव्ह असेल तर एक कप पाणी ठेवून मिनिटभर फिरवायचं, रिकामा कधी चालवायचा नाही. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून, बॅटरीवर चालवून दाखवायचा. आयफोन असेल तर सेटिंगमधली बॅटरी हेल्थची टक्केवारी, लोक पहिलं तेच विचारतात आणि ८० च्या खाली असेल तर बॅटरी बदलायचा खर्च धरूनच भाव करतात. फ्रिज नेताना उभाच न्यायला सांगा, आडवा न्यावा लागलाच तर पोचल्यावर काही तास उभा ठेवून मगच चालू करायचा कारण कॉम्प्रेसरचं तेल खाली उतरायला वेळ लागतो. फ्रंट लोड वॉशिंग मशीनचे ट्रान्झिट बोल्ट (हलवताना ड्रम घट्ट धरून ठेवणारे) जपून ठेवले असतील तर लिस्टिंगमध्ये जरूर लिहा, ते न लावता मशीन हलवलं की आतला ड्रम आदळून खराब होऊ शकतो, आणि ज्याला हे माहीत आहे तो बोल्ट बघून दोन पैसे जास्त देतो.

फसवणुकीबद्दल, हे कळकळीने सांगते कारण घरातले मोठे लोक यात अडकतात. वस्तू न बघता, भाव न करता लगेच 'घेतो, माझा कुरिअरवाला येईल' म्हणणारा माणूस आला की सावध व्हा. मग तो लिंक पाठवतो की पैसे अडकलेत, कार्डचा नंबर टाका म्हणजे सुटतील. किंवा म्हणतो तुम्ही खरे विक्रेते आहात का बघायचंय, फोनवर आलेला कोड सांगा. किंवा 'चुकून' जास्त पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट पाठवून उरलेले परत मागतो. पैसे घेण्यासाठी ओटीपी द्यावा लागत नाही, पिन टाकावा लागत नाही. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, स्वतःच्या खात्यात जमा दिसले की मगच वस्तू हातात द्यायची. भेटायचं तर दिवसा, माणसांची ये-जा असलेल्या जागी, आणि मोठी वस्तू असेल तर घरात आपल्यासोबत कोणीतरी हवं.

आणि डेटा. याकडे इतकं दुर्लक्ष होतं की मला राग येतो. फोन नुसता रीसेट करून देऊ नका, आधी अकाउंटमधून साइन आउट करा आणि मग रीसेट. आयफोनला २०१३ पासून अ‍ॅक्टिव्हेशन लॉक आहे, अँड्रॉइडमध्येही २०१५ च्या ५.१ व्हर्जनपासून तसलीच सोय आली, ती चोरी रोखायला चांगली आहे पण अकाउंट तसंच राहिलं की घेणाऱ्याचा फोन सुरूच होत नाही आणि मग तो तुम्हाला फोन करत बसतो. जुन्या हार्ड डिस्कला क्विक फॉरमॅट मारला म्हणजे फाइली गेल्या असं अजिबात नाही, फक्त यादी पुसली जाते, आतला माल तिथेच असतो आणि साध्या सॉफ्टवेअरने परत काढता येतो. विंडोजमध्ये रीसेट करताना ड्राइव्ह क्लीन करायचा पर्याय असतो, त्याला वेळ लागतो, पण तोच निवडा. स्मार्ट टीव्ही, राउटर, वायफायचा प्रिंटर यातही तुमचे अकाउंट आणि पासवर्ड असतात, ते लोकांच्या लक्षातच येत नाही.

काही वस्तू मात्र विकायला काढूच नयेत. फुगलेल्या बॅटरीचा फोन किंवा पॉवर बँक कोणालाही, कितीही स्वस्तात देऊ नका, ती दाबली गेली, टोचली गेली तर पेट घेऊ शकते. ती ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रातच जायला हवी, तीही आधी फोन करून विचारून. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे, हा संयुक्त राष्ट्रांच्या अहवालातला आकडा वाचल्यापासून मी कुठलीच वायर, कुठलाच चार्जर साध्या कचऱ्यात टाकत नाही. चालू असलेले चार्जर, केबल, रिमोट एकत्र करून एका लिस्टिंगमध्ये 'सगळं मिळून' असं टाकते, एकेक करून विकण्यात अर्थ नाही, आणि गठ्ठा कोणीतरी दुरुस्तीवाला बहुतेक वेळा उचलतोच.